पुन्हा सुरू केल्यावर काय उरतं?

इंदूरच्या दक्षिण भागात, आग्रा-मुंबई रस्त्यावर, भंवरकुआं नावाचा चौक आहे. भंवर म्हणजे पाण्यातला भोवरा आणि कुआं म्हणजे विहीर. आज तिथे दिसतो तो माणसांचा भोवरा. खंडव्याकडे जाणारा रस्ता इथूनच फुटतो. त्या रस्त्यावर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर आहे आणि चौकाजवळच १८९१ साली सुरू झालेलं होळकर कॉलेज. आजूबाजूच्या गल्ल्यांत स्पर्धा परीक्षांचे क्लास, मुलामुलींची हॉस्टेलं, डबेवाले, झेरॉक्सची दुकानं आणि सकाळी सातपासून पोह्यांच्या गाड्या. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं कार्यालय इंदुरातच असल्याने माळवा आणि निमाडच्या गावोगावची मुलं इथे खोली घेऊन राहतात.

२०२१ साली या चौकाला टंट्या भिलाचं नाव देण्यात आलं. इंग्रजांशी झुंजलेला हा निमाडचा वीर, लोक त्याला आदराने टंट्या मामा म्हणतात. नाव योग्यच आहे. पण रिक्षावाल्याला विचारा, तो भंवरकुआंच म्हणतो. म्हणजे कागदावर नोंद बदलली, चालू व्यवहारात अजून जुनीच नोंद आहे. याच्या नेमकं उलटंही घडतं. व्यवहारात बदल होतो, सगळे तो वापरतात, पण कागदावर कुणीच उतरवत नाही, आणि मग एके दिवशी तो नाहीसा होतो. संगणकावर हा दुसरा प्रकार रोज घडतो. आज त्याचाच थोडा इतिहास सांगायचा आहे. संगणक हा आपल्या नेहमीच्या सांस्कृतिक विषयांपैकी नाही असं कुणाला वाटेल, पण शेवटी मुद्दा मराठीचाच आहे, तेव्हा थोडा धीर धरावा.

माझी एक बहीण देवासला दिली आहे. देवास म्हणजे पवारांचं संस्थान, तिथली मराठी घरं जुनी. तिचा मुलगा भंवरकुआंच्या एका गल्लीत खोली घेऊन परीक्षेची तयारी करतो. त्याच्या आजीची, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाईंची, एक वही आहे. त्यात ओव्या, सणावारांच्या पाककृती, घरातल्या बायकांनी एकमेकींना घातलेले उखाणे. वहीचे कागद आता कडेने सुटायला लागले आहेत. भाच्याने ठरवलं की अभ्यासातून वेळ काढून रोज दोन पानं संगणकावर उतरवायची. संगणक जुना, दुसऱ्याच्या हातचा, म्हणून त्यावर कुणा मित्राने लिनक्स घालून दिलेलं.

मी इंदूरला गेलो तेव्हा त्याने मला ती फाईल दाखवली. पहिली सात-आठ पानं नेटकी देवनागरीत होती. पुढे सगळं रोमन अक्षरांत.

"अरे, हे असं मध्येच का बदललंस?"

"काय करणार मामा, मराठी कीबोर्ड लावायचो आणि रात्री मशीन बंद केली की सकाळी सगळं गायब. चार दिवस रोज नव्याने लावलं. मग परेशान होऊन इंग्रजीतच लिहायला लागलो. वाचता तर येतं ना?"

वाचता येतं का? फाईलमध्ये एका ओळीत के, ए, एल अशी तीन अक्षरं होती. हा शब्द काल, काळ, कल की कळ? आजीला विचारून कळेल, पण आजी चौऱ्याऐंशीच्या आहेत. बाळ आणि बाल, नळ आणि नल, दळण आणि दलन यांतला फरक रोमन लिपीत पुसला जातो. उखाण्यात तर यमकच त्या ळकारावर उभं असतं. मुलाचा आळस म्हणावा, तर रोज दोन पानं लिहिणारा मुलगा आळशी कसा? रोज सकाळी तीच खटपट नव्याने करावी लागली, तर चांगला माणूसही पाचव्या दिवशी सोडून देतो. यंत्रावरची भाषा टिकते की जाते, हे पुष्कळदा एवढ्याशा गोष्टीवर ठरतं.

आता हे असं का होतं ते बघू.

संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते हे आपल्याला ढोबळमानाने ठाऊक असतं. एक चालू स्मृती, वीज असेपर्यंतची. दुसरी तबकडीवरची, वीज गेली तरी राहणारी. आपल्याकडे जत्रेला देवळापुढे नाटक होतं त्याची आठवण करा. मांडव उभा राहतो, पडदे चढतात, राजाचं सिंहासन कुणाच्या तरी घरच्या खुर्चीवर भरजरी शाल टाकून तयार होतं. पहाटे नाटक संपलं की सगळं उतरवतात. पुढच्या वर्षी तेच नाटक तसंच उभं करायचं तर आधार कशाचा? संहितेचा, आणि मास्तरांच्या वहीत कुठला पडदा कधी पाडायचा याच्या खुणा असतील त्यांचा. ऐन प्रयोगात कुणी सिंहासन डावीकडून उजवीकडे सरकवलं आणि वहीत नोंद केली नाही, तर पुढच्या वर्षी ते पुन्हा डावीकडेच येणार.

लिनक्सच्या पडद्यावरही हेच चालतं. पडद्याचा आकार, उंदराचा वेग, कळफलकाची भाषा, पार्श्वभूमीचं चित्र, हे सगळं दर वेळी नव्याने मांडलं जातं. यंत्र सुरू झालं की ते आपल्या वह्या वाचतं आणि त्याप्रमाणे मांडामांड करतं. म्हणून 'सेटिंग टिकत नाही' या तक्रारीचा अर्थ एवढाच, की बदल मंचावर झाला, वहीत झाला नाही. किंवा एका वहीत झाला, आणि यंत्र वाचतं दुसरीच. किंवा वहीत लिहायचा हक्कच आपल्याला नाही.

या वह्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. लिनक्सचा पूर्वज युनिक्स. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी त्याची सुरुवात केली. एकाच यंत्रावर अनेक माणसं काम करणार, म्हणून प्रत्येकाला आपलं स्वतःचं दालन दिलं गेलं. त्याला 'होम' म्हणतात, म्हणजे घर. त्या घरात आपल्या आवडीनिवडीच्या नोंदी ठेवायच्या फाईली असतात आणि त्यांची नावं टिंबाने सुरू होतात. अशा फाईली एरवी यादीत दिसत नाहीत. पुष्कळांना वाटतं की कुणीतरी विचारपूर्वक ही लपवण्याची सोय केली असावी. युनिक्सच्याच परंपरेतले एक कर्ते रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये खरी गोष्ट सांगितली. प्रत्येक दालनात 'हेच दालन' आणि 'वरचं दालन' दाखवणाऱ्या दोन नोंदी असत, एक टिंब आणि दोन टिंबं अशा. त्या यादीत उगाच दिसू नयेत म्हणून यादी छापणाऱ्या प्रोग्रामने पहिलं अक्षर टिंब असेल तर ती नोंद गाळायची, अशी सोपी पळवाट काढली. परिणाम असा झाला की टिंबाने सुरू होणारं कुठलंही नाव दिसेनासं झालं. मग लोकांनी आपल्या नोंदी तिथेच ठेवायला सुरुवात केली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत माणूस आत शिरला की त्याच्या घरातली 'डॉट-प्रोफाइल' नावाची फाईल वाचायची, ही रीत पक्की झाली. आपल्या सगळ्या आवडीनिवडी अशा रीतीने एका आडवाटेच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या, आणि म्हणूनच नवख्या माणसाला त्या कुठे लिहिल्यात ते सापडत नाही.

मग आला चित्रमय पडदा. १९८३ साली एमआयटीत 'अथेना' नावाचा प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्याने आवारातल्या कुठल्याही यंत्रापुढे बसावं आणि ते यंत्र त्याला आपलंच वाटावं, असा त्यामागचा विचार. विद्यार्थ्याचं 'घर' त्या यंत्रात न ठेवता जाळ्यावरच्या दुसऱ्या यंत्रात ठेवलं की तो जाईल तिथे त्याच्या आवडीनिवडी त्याच्या मागे येतात. या प्रकल्पातूनच १९८४ मध्ये 'एक्स विंडो' ही पडदा चालवणारी प्रणाली निघाली आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली, जी पुढे लिनक्सने कित्येक वर्षं वापरली. या एक्सचा स्वभाव विलक्षण आहे. कळफलकाची मांडणी, उंदराचा वेग हे सगळं तो फक्त चालू स्मृतीत धरतो. पडद्यावरचा शेवटचा प्रोग्राम निघून गेला की तो स्वतःला धुऊन पुसून मूळ स्थितीत आणतो. जाणूनबुजून केलेली रचना आहे ही, कारण पुढचा माणूस येऊन बसेल तेव्हा त्याला आधीच्याचं काही दिसू नये. लक्षात ठेवणं हे एक्सचं काम नव्हेच. ज्याने त्याने आपल्या घरातल्या वहीत लिहून ठेवावं आणि दर वेळी ती वाचून दाखवावी.

आता आमच्या भाच्याचं दुखणं लक्षात येईल. तो रोज सकाळी एक आज्ञा टंकून मराठी कळफलक लावत होता. ती आज्ञा थेट एक्सला सांगते, वहीत काहीच लिहीत नाही. रात्री यंत्र बंद, सकाळी एक्स कोरा.

पण त्याने खिडकीतून, म्हणजे सेटिंगच्या रीतसर चौकटीतून, का नाही लावलं? मी विचारलं तर म्हणाला, "लावलं ना मामा. ते पण टिकत नाही." इथे थोडं शोधावं लागलं. त्याच्या यंत्रावर एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप आहे. १९९६ साली ऑलिव्हिए फूर्दां यांनी तो सुरू केला. जुन्या यंत्रांना बरा पडतो. त्याच्या नोंदी घरातल्या 'डॉट-कॉन्फिग' या दालनात असतात. आम्ही त्या फाईली उघडून कुणाच्या मालकीच्या आहेत ते पाहिलं, तर मालक भाचा नव्हता, 'रूट' होता. रूट म्हणजे यंत्राचा कारभारी. कधीतरी एखादी गोष्ट जमेना म्हणून कुणीतरी सांगितल्यावरून त्याने सेटिंगचा प्रोग्राम कारभाऱ्याच्या अधिकाराने चालवला होता. तेव्हा लिहिलेली वही कारभाऱ्याच्या नावावर चढली. त्यानंतर भाचा चौकटीत बदल करी, पडद्यावर तो दिसेही, पण वहीत लिहायला गेलं की दार बंद. यंत्र बिचारं तक्रारही करत नव्हतं. घराची मालकी त्याच्या नावावर परत केली, 'यंत्राची ठरलेली मांडणी वापरा' या ओळीपुढची खूण काढली, मराठी मांडणी यादीत घातली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, मराठी जागच्या जागी. सगळं मिळून अर्धा तास. वही त्या रात्रीच पुन्हा देवनागरीत सुरू झाली, आणि रोमन पानं आजींसमोर बसून परत लिहायचं ठरलं.

कुणाला असाच त्रास होत असेल तर चार गोष्टी बघाव्यात. एक, बदल नुसता आज्ञेने केला आहे का? तसं असेल तर तो चौकटीतून करावा, किंवा ती आज्ञा सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत घालावी. दोन, घरातल्या फाईलींची मालकी आपलीच आहे ना? तीन, तबकडी काठोकाठ भरली आहे का? भरलेली असेल तर नवी नोंद लिहायला जागाच नसते. चार, यंत्र चकतीवरून किंवा पेनड्राइव्हवरून चालवलं आहे का? जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० च्या सुमारास 'क्नॉपिक्स' काढलं. चकती घातली की तबकडीला हात न लावता अख्खं लिनक्स चालू होई. त्या प्रकारात 'घर'च चालू स्मृतीत उभं असतं, यंत्र बंद केलं की घरासकट सगळं जातं. अशा लिनक्सना नोंदी टिकवण्यासाठी वेगळी जागा आखून द्यावी लागते. पुष्कळ प्रकारांत तशी सोय असते, पण ती मागावी लागते.

आणखी एक गंमत सांगतो. कधीकधी माणूस हुशारी करून थेट वहीतच दुरुस्ती करतो, पण तो प्रोग्राम त्याच वेळी चालू असतो. निरोप घेताना प्रोग्राम आपल्या स्मृतीतली जुनी मांडणी पुन्हा वहीत उतरवतो आणि आपली दुरुस्ती पुसली जाते. भंवरकुआं चौकाचं मला तसंच वाटतं. नोंद बदलली तरी चालू पिढीच्या तोंडी जुनं नाव आहे, आणि ते पुढच्या पिढीलाही तेच सांगून जाणार.

वह्या दोन पातळ्यांवर असतात हेही लक्षात ठेवायला हवं. एक गावाची वही. लिनक्समध्ये ती 'ईटीसी' या दालनात असते, आणि तिच्यात कारभारीच लिहू शकतो. दुसरी प्रत्येकाच्या घरातली. दोन्हींत वेगळं लिहिलं असेल तर साधारणपणे घरचं चालतं, घरी काही लिहिलेलं नसेल तर गावाचं. गोमंतकीय माणसाला हे समजावून सांगायला नको. आमच्या गांवकऱ्या अशाच चालत. गावाच्या जमिनीचा, बांधांचा, देवळाच्या मानपानाचा रिवाज गावाचा, घरातली रीत घरची. पोर्तुगीज आले तेव्हा हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्मृतीत चालत होता. १५२६ साली अफोंसो मेक्सिया याने तो 'फोराल'मध्ये लिहून घेतला. त्यामागे हेतू महसूल वसुलीचा होता, आमच्यावर प्रेम म्हणून नव्हे. पण एकदा तो कागदावर आला म्हणून राज्यकर्ता बदलला, धर्म बदलला, शतकं उलटली, तरी गांवकरीला आपला हक्क सांगताना त्याच्याकडे बोट दाखवता आलं. पुढे तिची कोमुनिदाद झाली आणि ती आजही आहे.

दुसरं उदाहरण आपल्या रोजच्या जगण्यातलं. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू व्हावं तसाच तो क्षण. पण १९६२ च्या प्रशासन कायद्यात एक कलम घालण्यात आलं, की आधीचे कायदे दुरुस्त किंवा रद्द होईपर्यंत चालू राहतील. त्या एका कलमामुळे विवाहाच्या नोंदणीचा, नवराबायकोच्या सामाईक मालमत्तेचा, मुलामुलींच्या सारख्या वारशाचा नियम गोव्यात टिकला. राज्य बदललं तरी वही वाचली जावी, अशी सूचना लिहिलेली होती.

इंदूरच्या मराठीला हे भाग्य मिळालं नाही. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली. दरबारी माणसं मराठी, मोडी लिपीत लिहिणारी. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. त्या दोन वेळा यंत्र पुन्हा सुरू झालं आणि राज्यकारभाराची भाषा हिंदी झाली. लोकसंख्येच्या मानाने ते रास्तच होतं. मराठी राहिली ती घरात, म्हणजे घरच्या वहीत. आजींची ती वही म्हणूनच मला एवढी महत्त्वाची वाटते.

आणि तरी याच शहरातून भारतीय भाषांच्या संगणकाला मोठा हातभार लागला आहे. 'नईदुनिया' या इंदूरच्या हिंदी वृत्तपत्राचे नावाजलेले संपादक राहुल बारपुते हे मराठी घरातले. त्याच वृत्तपत्राच्या घराण्यातून १९९९ मध्ये 'वेबदुनिया' निघालं, हिंदीतलं अगदी सुरुवातीचं मोठं संकेतस्थळ, पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. इंदूरहून जवळच रतलामला राहिलेले रविशंकर श्रीवास्तव, म्हणजे रवि रतलामी, वीज मंडळात अभियंता होते. त्यांनी लिनक्सच्या डेस्कटॉपवरची हजारो वाक्यं हिंदीत आणली आणि नंतर छत्तीसगढीतही. 'इंडलिनक्स' या स्वयंसेवकांच्या गटाचं कामही त्याच काळातलं. पुण्यात बनलेले 'लोहित' फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. पुण्याच्या सीडॅकचं काम त्याही आधीचं. इनस्क्रिप्ट नावाची सर्व भारतीय लिप्यांना सामाईक कळफलक-मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आली, आणि भाच्याने लावली तीही त्याच कुळातली. आपल्या गोव्यातही त्या दशकात परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून शाळांत बसवण्याचे प्रयत्न झाले होते, अनेकांना ते आठवत असतील.

मराठीला हिंदीचाच कळफलक चालत नाही का, असं कुणी विचारतं. पुष्कळसं चालतं. पण अडतं ते अडतंच. 'ॲ' हे आपलं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, पाच-दशांश-एक या आवृत्तीत आलं. तोवर हिंदीच्या वळणाचं 'ऍ' वापरावं लागे. वाऱ्यातला आणि तऱ्हेतला तो अर्धा र, महिन्यांची नावं, शब्दांचा अनुक्रम, हे सगळं मराठीचं म्हणून वेगळं नोंदवावं लागतं. लिनक्समध्ये मराठी-भारत आणि कोंकणी-भारत अशा दोन्ही नोंदी आहेत. म्हणजे आपल्या दोन्ही भाषांना गावाच्या वहीत जागा मिळालेली आहे. घरच्या वहीत लिहिणं आपल्याकडे आहे.

लिहिण्याच्या जागाही दर काही वर्षांनी बदलत गेल्या. १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये गनोम हे डेस्कटॉप सुरू झाले, प्रत्येकाची वही वेगळी. घरात टिंबवाल्या फाईलींचा इतका पसारा झाला की २००३ मध्ये सर्वांनी मिळून 'डॉट-कॉन्फिग' हे एक सामाईक दालन ठरवलं. गनोमने आधी 'जीकॉन्फ' आणलं, २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून 'डीकॉन्फ'. आता एक्सची जागा 'वेलँड' घेत आहे. फेडोराने २०१६ मध्येच ते गनोमसाठी मुख्य केलं. वेलँडमध्ये भाच्याची ती जुनी आज्ञा बहुतेक ठिकाणी चालतच नाही. कळफलक लावायचा तर डेस्कटॉपच्या चौकटीतूनच लावायचा, आणि तो तिथे लावला की आपसूक वहीत जातो. एका परीने हे बरंच झालं.

पण सगळ्यांत मोठी वही अजून बाकीच आहे. डेस्कटॉपवरची मराठी वाक्यं येतात कुठून? प्रत्येक इंग्रजी वाक्यासमोर मराठी वाक्य लिहिलेली एक फाईल असते, तिथून. समोरची जागा रिकामी असेल तर प्रोग्राम थांबत नाही, कुरकुरत नाही, गुपचूप मूळ इंग्रजी वाक्य दाखवतो. गनोमची नवी आवृत्ती २००२ नंतर साधारण दर सहा महिन्यांनी येत आली आहे. प्रत्येक आवृत्तीत काही वाक्यं नवी, काही बदललेली. म्हणजे ज्या भाषेचे स्वयंसेवक थकले, तिचा पडदा दर सहा महिन्यांनी थोडा थोडा इंग्रजी होत जातो. बंदी कुणी घालत नाही, ठराव कुणी करत नाही. नोंद झाली नाही, एवढंच होतं.

मराठीवर गोव्यात आपण भरपूर बोलतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून सभा, ठराव, निवेदनं चालूच आहेत, आणि त्यांची गरज नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यांतलं पुष्कळसं चालू स्मृतीतलं काम आहे, सभा संपली की मांडव उतरतो. त्याच्या जोडीला कुणीतरी बसून ती रिकाम्या जागांची फाईल उघडायला हवी. हे काम कुणालाही करता येतं. पदवी लागत नाही, पैसा लागत नाही, मराठी मात्र चांगली लागते. म्हापसा, फोंडा, डिचोली, पेडण्याच्या वाचनालयांत जमणारी आपली मंडळी शब्दांवर तासन्‌तास वाद घालतात. त्यांनी रोज दहा वाक्यं केली, तरी वर्षाला साडेतीन हजारांवर होतात. आणि त्यातलं एकही वाक्य यंत्र बंद केलं म्हणून पुसलं जाणार नाही.